चित्र द्यावें, पण कसें?

चित्र काढणें ही जशी हौस आहे, तशीच तें दुसऱ्यास दाखविणें हीहि हौसच आहे. आणि पुष्कळदां ही दुसरी हौस पहिलीपेक्षां प्रबळ असते. दिवाळींत अंगणांत काढलेली रांगोळी पाहावयास शेजारीण आली नाहीं, तर काढणारीचा अर्धा आनंद ओसरतो. बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर येथील बैठीं घरें गेलीं, उंच इमारती आल्या, अंगणें नाहींशीं झालीं. परंतु ही हौस गेली नाहीं. तिनें केवळ जागा बदलली. दिवसभर कचेरींत हिशेब तपासणारा गृहस्थ सायंकाळच्या लोकलनें घरीं परततो, जेवण उरकतो, आणि टॅब्लेटच्या कांचेवर लेखणीनें चित्र रंगवूं लागतो. रात्रीं अकरा वाजतां तें पुरें झालें, कीं पांच मिनिटांत नागपूरचा भाऊ, गोव्याचा मित्र आणि कधींहि न भेटलेले शेंकडों रसिक तें पाहूं शकतात.

दाखविणें इतकें सोपें पूर्वीं कधींच नव्हतें. परंतु जी वस्तु इतक्या सहज हातांतून सुटते, ती तितक्याच सहज परत येत नाहीं. म्हणून काय द्यावें, काय राखावें आणि कोणत्या अटीवर द्यावें, याचा विचार हौशी चित्रकारानेंहि आधीं करणें अगत्याचें आहे.

उपनगरांना हा प्रश्न नवा नाहीं. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत शिळाछापखाना काढला. तो कांहीं काळ घाटकोपर येथें होता, आणि १८९९ च्या सुमारास लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला. मूळ तैलचित्र एकच, आणि तें बहुधा राजवाड्याच्या भिंतीवर. त्याची छापील प्रत मात्र सामान्य गृहस्थाच्या देवघरांत जाऊं शकत होती. ती प्रत काढण्याची कृति कष्टाची असे. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूनें किंवा शाईनें आकृति काढावयाची. दगड ओला केला, कीं मोकळ्या जागेवर पाणी राहतें आणि छपाईची तेलकट शाई आकृतीवरच बसते. मग त्यावर कागद दाबावयाचा. प्रत्येक रंगाला निराळा दगड, आणि प्रत्येक वेळीं कागद नेमका त्याच जागीं बसला पाहिजे. तो केंसभर सरकला, तर लक्ष्मीच्या ओठांचा रंग गालावर जावयाचा!

या छापखान्यानें लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरीं पोंचविल्या. पण व्यवहार जमला नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास विकण्यांत आला, आणि त्याबरोबर चित्रांच्या प्रती काढण्याचा हक्कहि गेला. पुढें तींच चित्रें, कधीं रीतसर तर कधीं नकलेच्या रूपानें, काड्यापेट्यांवर आणि जाहिरातींच्या दिनदर्शिकांवर झळकलीं. चित्रकाराचें नांव मोठें झालें. चित्रांवरील त्याचा ताबा मात्र सुटला.

आजच्या टॅब्लेटवर दगडांची जागा थरांनीं घेतली आहे. एका थरावर रेखाटन, दुसऱ्यावर रंग, तिसऱ्यावर छाया, असें चित्र चढत जातें. एखादा थर बिघडला, तर तेवढाच पुसतां येतो. तयार चित्र म्हणजे बारीक चौकोनी ठिपक्यांची जाळी होय. या ठिपक्यांस पिक्सेल म्हणतात. प्रत्येक ठिपक्यासाठीं तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशाचें प्रमाण आंकड्यांनीं नोंदलेलें असतें. सामान्यतः प्रत्येक प्रकाशाच्या २५६ पायऱ्या धरतात, आणि त्यांच्या मिश्रणानें १,६७,७७,२१६ रंग सिद्ध होतात. चित्र म्हणजे शेवटीं आंकडेच असल्यामुळें, फाइलची प्रत मूळ फाइलसारखी तंतोतंत निघते. दगड झिजतो, आंकडा झिजत नाहीं. मूळ आणि प्रत हा भेदच येथें उरत नाहीं, आणि हौशी चित्रकाराच्या अडचणीचें मूळहि येथेंच आहे.

यावर पहिला उपाय मापाचा. ए-फोर आकाराच्या कागदावर सुबक छपाई करावयाची, तर एका इंचांत ३०० ठिपके या हिशेबानें २,४८० रुंद व ३,५०८ उंच ठिपक्यांचें चित्र लागतें. मोबाइलच्या पडद्यावर दाखवावयास मात्र १,०८० ठिपके रुंदीचें चित्र पुरतें. ही लहान प्रत कोणी छापावयास घेतली, तर जेमतेम नऊ सेंटिमीटर रुंदीचें चित्र नीट उमटेल. त्याहून मोठें केलें, कीं तें भुरकट होऊं लागेल. तेव्हां पाहणाऱ्यास लहान प्रत द्यावी, थरांसह मोठी फाइल आपल्यापाशीं राखावी, आणि तिची आणखी एक प्रत निराळ्या डिस्कवर ठेवावी. यानें चोरीची भीति अगदींच नाहींशी होत नाहीं, तरी पुष्कळशी कमी होते. स्वतः छापून घेतांना एवढें ध्यानांत ठेवावें, कीं पडदा प्रकाश देतो आणि कागदावर शाई बसते. त्यामुळें पडद्यावरील झगझगीत हिरवा किंवा निळा रंग कागदावर मंद दिसतो. आधीं एक लहान नमुना छापून पाहिला, तर पुढचा हिरमोड टळतो.

मोठी फाइल राखावी, याचा अर्थ आपली कृति लपवावी असा मात्र नाहीं. उलट, हौशी मंडळींनीं एकमेकांस देण्यासारखी सर्वांत मोलाची वस्तु तीच आहे. तयार चित्र पाहून लोक "छान" म्हणतात; त्या शब्दानें मन सुखावतें, हात सुधारत नाहीं. त्याऐवजीं पहिलें कच्चें रेखाटन, फसलेला रंग आणि मग केलेली दुरुस्ती अशीं तीन-चार चित्रें क्रमानें दाखविलीं, तर नवशिक्यास वाट दिसते आणि जाणत्यास दोष दाखवितां येतो. प्रश्नहि नेमका विचारावा. "कसें झालें?" असें विचारण्यापेक्षां "पावसांतल्या फलाटावर दिव्याचें प्रतिबिंब खरें वाटतें कां?" असें विचारलें, तर उत्तरहि नेमकें मिळतें. साधनांच्या खर्चाची धास्तीहि आतां बाळगण्याचें कारण नाहीं. क्रिटासारखी चित्रकलेची प्रणाली विनामूल्य मिळते.

दुसरा उपाय कायद्याचा. भारतांतील १९५७ चा प्रताधिकार कायदा हौशी आणि धंदेवाईक असा भेद करीत नाहीं. स्वतःच्या कल्पनेनें काढलेलें चित्र आकारास येतांच त्यावरील हक्क सामान्यतः काढणाऱ्यास मिळतो. त्यासाठीं नोंदणी केलीच पाहिजे असें नाहीं. हा हक्क त्याच्या हयातीपर्यंत आणि मृत्यूनंतर साठ वर्षें टिकतो. शिवाय ५७ व्या कलमान्वयें, हक्क विकून टाकला तरी चित्र आपलें आहे असें सांगण्याचा, आणि त्याची मोडतोड करून आपल्या लौकिकास बाध आणणाऱ्यास हरकत घेण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. मित्रास पाहावयास पाठविलेलें चित्र त्यानें चहाच्या कपांवर छापून विकावें, अशी परवानगी त्या पाठविण्यांत येत नाहीं. हा नियम उलट बाजूनेंहि लागू आहे. रविवर्मा १९०६ सालीं निवर्तले. त्यांच्या चित्रांवरून आज कोणींहि नवें चित्र रचावें. परंतु हयात छायाचित्रकाराचें छायाचित्र गिरवून तें आपलें म्हणून मिरविणें, हें कायद्यासहि धरून नाहीं आणि सभ्यपणासहि.

तिसरा उपाय उदारपणाचा. पण अटी सांगून केलेल्या उदारपणाचा. घाटकोपरहून पवई फार दूर नाहीं. तेथील आय. आय. टी. मध्यें १९६९ सालीं औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झालें. अक्षरकार र. कृ. जोशी यांनीं तेथें अध्यापन केलें, आणि असंख्य संगणकांवर दिसणारा 'मंगल' हा देवनागरी टंक त्यांनींच घडविला. त्यांच्या पुढच्या पिढींतील 'एक टाइप' या मुंबईच्या अक्षररचनाकारांच्या गटानें 'मुक्त', 'बालू', 'मोदक' असे टंक खुल्या परवान्याखालीं सर्वांस दिले. ते कोणींहि वापरावे, त्यांत बदल करावा. मात्र नुसता टंक वेगळा विकूं नये, आणि बदललेला टंकहि त्याच परवान्याखालीं पुढें द्यावा, अशा त्यांच्या अटी आहेत. येथें वस्तु हातांतून गेली, पण कर्त्याचा शब्द तिच्याबरोबर गेला.

चित्रांसाठींहि असेच 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवाने २००२ पासून उपलब्ध आहेत. नांव द्यावें, धंद्यासाठीं वापरूं नये, बदल करूं नये, यांपैकीं हवी ती अट चित्राखालीं एका ओळींत लिहितां येते. मात्र असा परवाना एकदां दिला, कीं ज्यांनीं तें चित्र घेतलें त्यांच्याकडून तो परत घेतां येत नाहीं. म्हणून जें चित्र अगदीं मनाजवळचें आहे, त्यावर परवाना लिहिण्यापूर्वीं एक रात्र थांबावें.

शेवटीं, शेंकडों अनोळखी नजरांपेक्षां समोर उभ्या राहिलेल्या एका माणसाची नजर अधिक शिकविते. जहांगीर कलादालन १९५२ सालीं उघडलें. त्याच्या बाहेरील पदपथावर चित्रें मांडून बसणारे चित्रकार मुंबईकरांनीं वर्षानुवर्षें पाहिले आहेत. जाणारा कोठें थबकतो आणि कोठें नुसती मान वळवून पुढें जातो, हें त्यांना बसल्या जागीं कळतें. उपनगरांतील हौशी चित्रकारास तेवढ्यासाठीं लोकल पकडण्याचीहि गरज नाहीं. इमारतींतल्या गणेशोत्सवांत मंडपाच्या एका बाजूस दोरी बांधावी, आपलीं चार-पांच चित्रें चांगल्या कागदावर छापून तिला टांगावीं, आणि प्रत्येकाखालीं आपलें नांव लिहावें. आरतीस आलेली तिसऱ्या मजल्यावरची आजी चष्मा सांवरून ज्या चित्रापुढें थांबेल, तें चित्र साधलें असें खुशाल समजावें.