टीव्हीखालची खाट

टीव्हीखाली एक कपाट असतं. त्याचं दार खाली ओढलं की आतून गादी-चादरीसकट एक खाट बाहेर येते, साताठ वर्षांच्या पोराला पुरेल एवढीच. सकाळी ती परत भिंतीत गेली की तिथे रात्री कुणी झोपलं होतं अशी खूणही उरत नाही.

न्यू जर्सीहून माझी ताई, भाओजी, दोन भाचरं आणि ताईच्या सासूबाई अशी पाच माणसं फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला निघाली. नसत्या चौकशा करायची हौस घरात मलाच, म्हणून हॉटेल निवडायचं काम माझ्याकडे आलं. फार महाग नको आणि अगदीच साधं नको, एवढी एकच अट होती. तिथल्या बहुतेक मधल्या दराच्या खोल्या चौघांपुरत्या असतात. पाचव्यासाठी शोधता शोधता ही खाट सापडली आणि मग तिच्यामागचा सगळा इतिहास.

त्याची सुरुवात एका चुटपुटीपासून होते. 1955 साली कॅलिफोर्नियातल्या अनाहाइममध्ये डिस्नेलँड उघडलं तेव्हा वॉल्ट डिस्नेकडे जमीन होती जेमतेम 160 एकर आणि पैसा तर पार्क बांधण्यातच संपला होता. शेजारचं डिस्नेलँड हॉटेल बांधलं जॅक रॅदर नावाच्या दुसऱ्याच उद्योजकाने. बघता बघता पार्कच्या कुंपणाबाहेर मोटेलांची रांग लागली. गर्दी जमवायची डिस्नेने आणि तिला निजवायचे पैसे घ्यायचे भलत्यांनी! आपल्याकडे जत्रा देवाची आणि कमाई धर्मशाळेवाल्याची, तसलाच प्रकार.

फ्लोरिडात त्याने ही चूक सुधारली. 1964-65 मध्ये ऑर्लँडोजवळची दलदल आणि कुरणं भलत्याच नावांच्या कंपन्यांमार्फत गुपचूप विकत घेतली गेली, कारण डिस्नेचं नाव फुटलं असतं तर भाव आभाळाला भिडले असते. त्यातल्या एका कंपनीचं नाव होतं ‘आयफोर’. जवळून जाणाऱ्या आय-4 या महामार्गाच्या नावाचा उच्चार तोच, फक्त स्पेलिंग फिरवलेलं. ऑक्टोबर 1965 मध्ये ‘ऑर्लँडो सेंटिनल’च्या एमिली बॅव्हर या बातमीदार बाईंनी बिंग फोडलं, पण तोवर सुमारे 27,000 एकर हाती आली होती. म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबई शहराच्या जवळजवळ दीडपट! आता शेजारी मोटेल काढायचं म्हटलं तरी कित्येक मैल लांब.

या आकड्यावर मी बराच वेळ अडकलो. कारण हॉटेल निवडण्यातली सगळी गोम त्यातच आहे. एवढ्या पसाऱ्यात चार पार्क विखुरलेले, त्यामुळे ‘पार्कजवळचं हॉटेल’ म्हटलं की कुठल्या पार्कजवळचं, हा प्रश्न आलाच.

1 ऑक्टोबर 1971 ला दारं उघडली तेव्हा हॉटेलं दोन, दोन्ही खर्चिक. त्यातलं कंटेम्पररी म्हणजे इंग्रजी ए अक्षरासारखा पोलादी सांगाडा, पोटातून मोनोरेल आरपार जाते. त्याच्या खोल्या जागेवर बांधल्याच नाहीत. थोड्या अंतरावरच्या कारखान्यात त्या भिंती, नळ, आरसे यांसकट तयार झाल्या आणि क्रेनने उचलून कपाटात खण सरकवावा तशा सांगाड्यात बसवल्या. आमच्या भाच्याला हे सांगितलं तर त्याचा पहिला प्रश्न: मग एखादी खोली परत ओढून काढता येते का? येत नाही. पण प्रश्न चुकीचा नव्हता, कित्येक मोठ्या माणसांचाही तोच समज आहे.

मध्यमवर्गाची पाळी यायला पुढे सतरा वर्षं लागली. 1984 मध्ये मायकेल आइझ्नर कंपनीचे प्रमुख झाले, हॉटेलांचा धडाका सुरू झाला आणि 1988 मध्ये कॅरिबियन बीच उघडलं. तळ्याभोवती दोन मजली रंगीत इमारती, त्यांच्या समूहांना जमैका, अरुबा, त्रिनिदाद अशी बेटांची नावं. तेव्हा एकूण खोल्या दोन हजारांच्या वर होत्या. मधला दर म्हणून जे काही आहे त्याचा जन्म इथला. स्वस्त वर्ग त्याच्याही नंतरचा, 1994 चा.

तर या मधल्या दरात जास्तीचं मिळतं काय? स्वस्त वर्गातली नेहमीची खोली साधारण 260 चौरस फुटांची आणि मधली 314 ची. फरक 54 चौरस फुटांचा, म्हणजे सहा बाय नऊची मोरी. एवढ्यासाठी कुणी रात्रीला जादा डॉलर मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पोहण्याच्या तलावाला घसरगुंडी असते, मुलांना तेवढ्यावर जिंकता येतं. पार्कात अर्धा तास आधी सोडतात खरं, पण ती सवलत डिस्नेच्या स्वस्त हॉटेलांनाही आहे. पैसे मोजायचेच तर खोलीपेक्षा दारातून पार्कात नेणाऱ्या वाटेसाठी मोजावेत.

आणि इथे टीव्हीखालच्या खाटेच्या कॅरिबियन बीचने मला जिंकलं. 2019 च्या सप्टेंबरात तिथे स्कायलायनर सुरू झाला. तो निव्वळ गमतीचा पाळणा नव्हे, रोजच्या वाहतुकीचा रोपवे आहे, आणि त्याचं जंक्शन याच हॉटेलात. एक तार हॉलिवूड स्टुडिओज या पार्ककडे जाते, एक एपकॉट या पार्ककडे, तिसरी पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ ॲनिमेशन या स्वस्त हॉटेलांना. तिथल्या लोकांनाही पाळणा मिळतो, पण पार्कात जायला त्यांनी आधी कॅरिबियन बीचला यायचं आणि तिथे पाळणा बदलायचा. दादर आणि डोंबिवलीचा फरक म्हणा ना.

त्याची करामत स्थानकात उभं राहून पाहावी. तार कधीच थांबत नाही, एका वेगाने धावत असते. पाळण्याच्या माथ्यावर स्प्रिंगचा चिमटा असतो, तो तारेला घट्ट पकडून येतो. स्थानकात शिरताच चिमटा उघडतो, तार पुढे निघून जाते आणि पाळणा फिरत्या रबरी चाकांच्या रांगेवर येऊन रांगायला लागतो. दार उघडतं, माणसं चालत्या गतीने चढतात. मग तशाच चाकांची दुसरी रांग त्याला ढकलत ढकलत तारेच्या वेगाला आणते आणि चिमटा पुन्हा बसतो. धावत्या लोकलला कुणी झटका न देता डबा जोडावा, तसं. पाळण्यात एसी नाही, चालताना येणाऱ्या वाऱ्यावरच भागवायचं. उन्हाळ्यातल्या दुपारी फ्लोरिडात विजा कडाडल्या की सगळं बंद, मग बस. राजवाड्याच्या मॅजिक किंगडम पार्कला तर इथून नेहमी बसच. हे आधी ठाऊक असलेलं बरं.

याच दरातल्या पोर्ट ऑर्लीन्स हॉटेलाचाही विचार केला. त्याचं रिव्हरसाइड आधी डिक्सी लँडिंग्ज म्हणून ओळखलं जायचं. ‘डिक्सी’ म्हणजे गुलामगिरीवर उभा राहिलेला अमेरिकेचा दक्षिण भाग. 2001 मध्ये नाव गेलं, खांबवाल्या जमीनदारी थाटाच्या इमारती राहिल्या. तिथल्या अॅलिगेटर बायू भागातही पाचवी खाट मिळते, आणि हॉटेलापासून नदीतून नावेने डिस्नेच्याच बाजारपेठेपर्यंत जाता येतं. कॉरोनाडो स्प्रिंग्जचा 2019 चा मनोरा उंच, त्याचं नाव ‘देस्तिनो’ या लघुपटावरून. वॉल्ट डिस्ने आणि साल्वादोर दाली यांनी तो 1940 च्या दशकात हाती घेतला आणि तो पडद्यावर आला 2003 मध्ये. नावावर भाळून घ्यावं असं हॉटेल. पण तिथे मोठ्या परिषदा भरतात, गळ्यात बिल्ले अडकवलेल्या माणसांच्या गर्दीत पोरं कंटाळली असती.

शेवटी अडलं ते जिन्यावर. कॅरिबियन बीचच्या दोन मजली इमारतींना लिफ्ट नाही आणि ताईच्या सासूबाईंचे गुडघे दहा पायऱ्यांतच बोलायला लागतात. अॅलिगेटर बायूतही तीच गत. जिथे पाचवी खाट तिथे लिफ्ट नाही! म्हणून आरक्षणाच्या वेळीच ‘तळमजला आणि जमैका’ अशी विनंती नोंदवली. जमैका स्थानकाला सर्वांत जवळ. विनंती मानलीच जाईल असं कुणी लिहून देत नाही. शिवाय दिसणाऱ्या दरावर 12.5 टक्के कर वेगळा.

तळमजला मिळाला. पहिल्या सकाळी सासूबाई स्थानकात सरकत्या पाळण्यांकडे बघत उभ्या राहिल्या. “थांबत नाही का गं हे?” त्यांनी ताईला विचारलं. तिथल्या पोरीने काही न बोलता त्यांना बाजूच्या वाटेवर नेलं, जिथे पाळणा रांगेतून वेगळा काढून पूर्ण उभा करतात. सासूबाई निवांत आत बसल्या, पदर सावरला, पिशवी मांडीवर घेतली. मग दार लागलं आणि पाळण्याने तार धरली.