हवाई मायावरण-तपासणी
हवाई मायावरण-तपासणी : कारखाने, विमानतळ, तेलसाठे इ. लक्ष्यांचे मायावरण (रंग, जाळ्या, कृत्रिम झाडे यांच्या साहाय्याने वस्तू परिसरात बेमालूम मिसळण्याची युक्ती) शत्रूच्या वैमानिकास फसविण्याइतके परिणामकारक आहे की नाही, याची विमानातून केलेली पाहणी. मायावरण जमिनीवर उभारले जाते. त्याची खरी परीक्षा मात्र आकाशातूनच होते. जमिनीवर निर्दोष वाटणाऱ्या कामातील उणिवा वरून तत्काळ नजरेस येतात.

या उणिवा बहुधा ठराविक असतात. छप्पर रंगविले, तरी इमारतीची सरळ कडांची छाया सकाळ-संध्याकाळी लांब पडते. वाहनांच्या चाकोऱ्या झाकलेल्या जागेपाशी येऊन एकाएकी संपतात. जवळची नदी किंवा रेल्वेमार्ग शत्रूस दिशा दाखवितो. तोडलेल्या फांद्या सुकल्या की, रंगभेद उघड होतो. हिरवी पाने अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात. साधा हिरवा रंग तसे करीत नाही. त्यामुळे डोळ्यांना एकसारखी हिरवी भासणारी जागा अवरक्त छायाचित्रात काळपट उमटते. म्हणून निरनिराळ्या उंचीवरून व वेळी पाहणी करून छायाचित्रे घेणे आवश्यक असते.

दुसऱ्या महायुद्धात लष्करी विमाने व वैमानिक आघाडीवर गुंतल्याने अशा कामी नागरी विमाने उपयुक्त ठरली. हलके खासगी विमान संथ गतीने उडते, लहान धावपट्टीवर उतरते आणि त्याला इंधनही कमी लागते. अमेरिकेत १ डिसेंबर १९४१ रोजी स्थापन झालेल्या ‘सिव्हिल एअर पॅट्रोल’ या संघटनेतील स्वयंसेवक वैमानिकांनी किनारी गस्त, टपाल-वाहतूक यांबरोबरच ब्लॅकआउट व मायावरण यांच्या पाहणीसाठीही उड्डाणे केली. तथापि कमी उंचीवरील संथ विमानातून दिसणारे दृश्य व उंचावरून वेगाने येणाऱ्या बाँबफेकी विमानातून दिसणारे दृश्य यांत फरक असल्याने या पाहणीस मर्यादा होत्या.

पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर (७ डिसेंबर १९४१) बरबँक येथील लॉकहीड व सिॲटल येथील बोइंग या विमान कारखान्यांवर हॉलिवुडच्या नेपथ्यकारांच्या साहाय्याने घरे, रस्ते व झाडे असलेल्या खोट्या वसाहती उभारण्यात आल्या. बोइंगच्या कारखान्यावरील वसाहतीने सु. १०·५ हेक्टर क्षेत्र व्यापले होते. या कारखान्यांवर शत्रूचा हल्ला कधीच झाला नाही. छपराखालील हजारो कामगारांचे संरक्षण ज्यावर अवलंबून होते, त्या मायावरणाचे मोल म्हणूनच स्वपक्षाच्या विमानातून केलेल्या पाहणीवरूनच ठरविता आले.