चेन नवी आणली, तरी करवत चालेना?

ताईंनो, पावसाआधी वाळक्या फांद्या उतरवायची घाई सुरू झाली की आपल्या अवजार बँकेतल्या चेन सॉला मागणी वाढते. गेल्या महिन्यात एका गटाने तिच्यासाठी नवी चेन आणली. दुकानात सांगितलं, "१८ इंची द्या." घरी आणून लावायला गेल्या, तर पट्टीच्या खाचेत बसेचना. पाकीट फोडलेलं, म्हणून दुकानदार परत घेईना. गटाचे पैसे अडकले. नुसत्या इंचावर चेन ठरत नाही, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. खरं तर मलाही ते मेकॅनिकजवळ बसूनच कळलं.

चेन घेताना तीन आकडे जुळावे लागतात.

१. पिच: चेनवरच्या लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं अंतर मोजा, त्याच्या निम्मं म्हणजे पिच. .३२५ इंच आणि ३/८ इंच हे नेहमीचे. इंजिनाजवळचं दातेरी चाक आणि पट्टीच्या टोकाचं चाकही त्याच पिचचं हवं.

२. गेज: चेनचे जे दाते पट्टीच्या खाचेत जातात, त्यांची जाडी. बहुतेक १.३ किंवा १.५ मिलिमीटर.

३. दात्यांची संख्या: खाचेत जाणारे हे दाते मोजा. पट्टी १८ इंचीच असली, तरी एका मशीनला ६२ लागतात, दुसऱ्याला ७२.

हे आकडे बऱ्याचदा पट्टीवर इंजिनाकडच्या टोकाला कोरलेले असतात. तेल-भुसा पुसून बघा.

काय बिघडलंय ते असं ओळखा:

• चेन खाचेत उतरत नाही: गेज जाड आहे.
• चेन आडवी डुलते, काप तिरका जातो: गेज बारीक आहे, नाहीतर खाच झिजली आहे.
• चेन चाकावर चढते, झटके देते: पिच वेगळा आहे.
• पूर्ण ताणूनही लोंबते, किंवा पट्टीवर चढतच नाही: दाते जास्त किंवा कमी आहेत.
• सगळं जुळलं, तरी कापत नाही: चेन उलटी लागली असेल. वरच्या बाजूच्या पात्यांची धार पट्टीच्या टोकाकडे हवी.

न जुळणारी चेन ठोकून किंवा घासून बसवू नका. चालू मशीनवर ती निसटली किंवा तुटली तर थेट हातावर, तोंडावर येते. चेन काढताना-लावताना इंजिन बंद, प्लगची कॅप काढलेली आणि हातात जाड मोजे, हे ठरलेलंच.

एक काम या बैठकीतच करून टाका. मशीनचे तिन्ही आकडे अवजार बँकेच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहा आणि मोबाईलमध्ये त्याचा फोटो ठेवा. दुकानात जाताना जुनी चेनही सोबत न्या, आणि पाकीट फोडायच्या आधी आकडे ताडून बघा.