रिपोर्टची शेवटची ओळ

हुबळीच्या विद्यानगरात, पूर्वीच्या किम्स आणि आताच्या केएमसीआरआय रुग्णालयाच्या फाटकापाशी, सकाळच्या बसमधून उतरलेल्या बाहेरगावच्या माणसांच्या काखेत एक मोठं पाकीट हमखास असतं. धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून निघून गेल्याच्या पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, इथं कर्नाटक मेडिकल कॉलेज सुरू झालं. तेव्हापासून हल्याळ, दांडेली, जोयडा, यल्लापूर या मराठी-कोकणी बोलणाऱ्या पट्ट्यातल्या आजाऱ्यांची मोठी वाट याच दिशेनं येते. हुबळी आणि धारवाड या शहरांच्या दरम्यान सत्तूरला एसडीएम रुग्णालय झालं, खासगी स्कॅन सेंटरं जागोजागी झाली, आणि काखेतलं पाकीट जाड होत गेलं. आत फिल्म, एखादी सीडी आणि इंग्रजीतला रिपोर्ट. रिपोर्टच्या तळाशी ‘इम्प्रेशन’ या मथळ्याखाली दोन-चार ओळी असतात आणि बहुतेकदा त्यांच्याखाली आणखी एक ओळ असते: हे निष्कर्ष रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावेत. इम्प्रेशन सगळे वाचतात, नातेवाईक मोबाइलवर फोटो काढून गावाकडं पाठवतात. ही शेवटची ओळ मात्र छापील शिष्टाचार समजून सोडून दिली जाते. माझं म्हणणं असं की पेशंटनं लक्षात ठेवावं असं सगळ्यांत महत्त्वाचं या ओळीतच आहे. चित्र आणि उपचाराचा निर्णय यांच्यात एक टप्पा असतो. तो गाळला की भारीतलं भारी मशीनही अपाय करू शकतं.

त्याआधी एक समजूत बाजूला सारायला हवी. रोंटगेननं १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले, १९७१ च्या ऑक्टोबरात लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला, पुढं एमआरआय आलं. या क्रमामुळं एक्स-रे ही पहिली पायरी आणि एमआरआय ही शेवटची, असा जिना आपण मनात बांधून ठेवला आहे. जितकं महाग तितकं खरं, हा त्याचा पुढचा अर्थ. प्रत्यक्षात प्रत्येक यंत्राला ठरावीक प्रश्नच कळतात. पित्ताशयातले खडे शोधायला साधी सोनोग्राफी सीटीपेक्षा सरस, कारण काही खडे सीटीत दिसतच नाहीत. डोक्याला मार लागून आलेल्या माणसाच्या मेंदूत रक्तस्राव आहे का, हे काही मिनिटांत पाहायचं तर सीटीच हवा. तिथं एमआरआयची वाट पाहणं वेळ घालवणं आहे. गुडघ्यातला लिगामेंट फाटलाय का, हे मात्र एमआरआय सांगेल. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘एमआरआय’ एवढंच लिहिलेलं असेल आणि कशासाठी हे लिहिलेलं नसेल, तर फिल्म वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टलाही दिसेल ते सगळं लिहून काढण्यावाचून इलाज नसतो.

आणि दिसतं फार. कंबरदुखीचं उदाहरण घ्या, कारण स्कॅन सेंटरच्या बाकावर सर्वांत जास्त माणसं बहुधा याच कारणानं बसलेली असतात. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली’, ‘नस दबली’ ही वाक्यं आता घरगुती झाली आहेत. २०१५ साली एका संशोधक गटानं जगभरच्या अभ्यासांतून ३,११० अशा लोकांच्या कण्याची चित्रं एकत्र पाहिली, ज्यांना पाठीचं कसलंच दुखणं नव्हतं. विशीतल्या धडधाकट माणसांपैकी ३७ टक्क्यांच्या मणक्यातल्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीच्या घरात हे प्रमाण ९६ टक्के होतं. गादी फुगलेली असणं विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के. पिकलेल्या केसांची कोणी बायोप्सी करत नाही, पण झिजलेल्या गादीवर मात्र शस्त्रक्रियेची तारीख घेतली जाते. पायातली ताकद गेली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, ताप किंवा वजन घटणं सोबत असलं, कॅन्सरचा पूर्वेतिहास असला, तर एमआरआय ताबडतोब हवा, त्यात वादच नाही. यातलं काही नसेल, तर बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत आपसूक ओसरते. घाईनं काढलेली फिल्म मात्र त्या माणसाला उरलेल्या आयुष्यासाठी ‘मणक्याचा पेशंट’ करून ठेवते. मग तो ओझं उचलायला घाबरतो, चालणं कमी करतो, आणि पाठ खरोखरच अशक्त होते.

हीच गोष्ट एका अख्ख्या देशाच्या पातळीवर घडलेली आहे. दक्षिण कोरियात १९९९ मध्ये सरकारी कॅन्सर तपासणी योजना सुरू झाली. थायरॉइड त्या यादीत नव्हता, पण रुग्णालयांनी किरकोळ जादा पैशांत गळ्याची सोनोग्राफी जोडून दिली. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या तुलनेत पंधरा पट झालं. त्या एका वर्षात ४० हजारांवर लोकांना कॅन्सर असल्याचं सांगितलं गेलं. आणि त्या कॅन्सरनं मरणाऱ्यांची संख्या? होती तिथंच राहिली, वर्षाला चारशेच्या आत. सापडल्या त्यातल्या बहुसंख्य गाठी कधीच त्रास न देणाऱ्या होत्या. पण त्यापायी हजारोंच्या थायरॉइड ग्रंथी काढल्या गेल्या, आयुष्यभराच्या गोळ्या मागं लागल्या, काहींचा आवाज गेला. आपल्याकडं दिवाळीच्या सुमारास ‘फुल बॉडी चेकअप’च्या सवलतींचे फलक लागतात, ते वाचताना कोरिया आठवावा.

यावर कोणी म्हणेल, हे परदेशातलं. तर मग आपल्या बीडकडं येऊ. ऊसतोडणी करणाऱ्या बायकांची गर्भपिशवी सरसकट काढली जाते, अशी ओरड झाल्यावर २०१९ मध्ये महाराष्ट्र शासनानं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, त्यांत चाळिशीच्या आतल्या कितीतरी. कलबुर्गी जिल्ह्यात लंबाणी आणि दलित स्त्रियांबाबतही अशाच तक्रारी पुढं आल्या होत्या. या कहाण्यांत सोनोग्राफीचा वाटा पाहण्यासारखा आहे. बाई अंगावरून जाण्याची किंवा ओटीपोटात दुखण्याची तक्रार घेऊन जाते. पडद्यावर करड्या-काळ्या रंगातलं काहीतरी हलतं. ‘पिशवीला सूज आहे, गाठ आहे, ठेवली तर कॅन्सर होईल’ असं सांगितलं जातं. पडदा खोटा नसतो. बारीक फायब्रॉइड असंख्य स्त्रियांना असतात, त्यांतल्या बहुतेक गाठींना काहीच करावं लागत नाही आणि पाळी गेल्यावर त्या आक्रसतात. साधा जंतुसंसर्ग औषधानं जातो. पण चित्रापासून शस्त्रक्रियेपर्यंतची उडी इतकी झटपट मारली जाते की मधे तपासणी, औषध, दुसरं मत यांना जागाच उरत नाही. ज्या गाठी खरंच त्रास देतात त्यांच्यासाठीही पिशवी काढणं हा एकच मार्ग नाही. १९९५ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी गर्भाशयाच्या धमनीत बारीक नळी सरकवून गाठीचा रक्तपुरवठा तोडण्याची पद्धत मांडली, आता ती भारतातही होते. हा पर्याय आहे, एवढं तरी त्या बाईच्या कानावर जायला हवं की नको?

अँजिओग्राफीच्या खोलीत हा घाईचा प्रश्न आणखी तीव्र होतो, कारण तिथं चित्र काढणारी नळी आणि उपचार करणारी नळी एकाच वाटेनं जाते. पेशंट टेबलावर असतो. नातेवाइकांना काचेपलीकडच्या पडद्यासमोर बोलावतात, काळ्या नदीसारख्या रक्तवाहिनीत एक जागा चिंचोळी झालेली दाखवतात, ‘८० टक्के ब्लॉक आहे, आत्ताच स्टेंट टाकू का?’ असं विचारतात. त्या क्षणी ‘नको’ म्हणणारा मुलगा मराठी घरात सापडणं कठीण. हार्ट अटॅक चालू असेल तर ‘हो’च म्हणावं आणि मिनिटभरही दवडू नये, तिथं स्टेंट जीव वाचवतो. पण चालताना छातीत भरून येतं, बसलं की थांबतं, अशा स्थिर दुखण्यात चित्र वेगळं आहे. २००७ च्या करेज चाचणीत २,२८७ रुग्ण होते, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्किमिया चाचणीत ५,१७९. नीट औषधं घेणाऱ्यांना आधीच स्टेंट किंवा बायपास केल्यानं मृत्यू किंवा अटॅक कमी झाले, असं दोन्हींत दिसलं नाही. छातीतलं दुखणं मात्र कमी झालं, आणि ज्याला औषधांनी आराम पडत नाही त्याच्यासाठी तेही मोलाचं आहे. डावी मुख्य धमनी अरुंद असलेले रुग्ण या चाचण्यांत नव्हते, त्यांचा हिशेब निराळा. म्हणून हा संवाद टेबलावर जाण्याआधी व्हायला हवा: चिंचोळी जागा दिसली तर काय करणार, आणि आज न करता दोन दिवसांनी ठरवलं तर काय बिघडेल?

यावरचे आक्षेप हलके नाहीत. पहिला: लवकर तपासणी हाच तर कॅन्सरवरचा उपाय. काही ठिकाणी तो खरोखर आहे. अमेरिकेत ५३ हजारांवर लोकांवर झालेल्या चाचणीत कमी मात्रेच्या सीटीनं फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. पण ती तपासणी ५५ ते ७४ वयाच्या, वर्षानुवर्षं भरपूर सिगारेट ओढलेल्यांची होती. प्रश्न आधी ठरला होता, चित्र नंतर काढलं. विडी कधीही न ओढलेल्या पस्तिशीच्या माणसाला तोच स्कॅन फुप्फुसातला एखादा जुना डाग दाखवून वर्षभर घोर लावील. अशा वेळी जुनी फिल्म जपून ठेवली असेल तर डाग तेवढाच आहे की वाढला, हे रेडिओलॉजिस्ट लगेच सांगू शकतो. दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो: खेड्यातल्या माणसाला स्कॅन मिळतच नाही, त्याला कसलं ‘जास्त तपासणी’चं भय घालता? उत्तर कन्नड जिल्ह्यात सुसज्ज मोठं रुग्णालय हवं म्हणून लोक वर्षानुवर्षं मागणी करत आहेत. पक्षाघाताच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि सीटीनं रक्तस्राव नाही हे पाहिल्याशिवाय ते देता येत नाही. मोठी धमनी तुंबली असेल तर गुठळी नळीनं ओढून काढता येते, २०१५ मध्ये लागोपाठ पाच चाचण्यांनी या पद्धतीचा फायदा दाखवला. जोयड्याच्या रानातल्या वाडीवर हे घड्याळ निर्दय आहे. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर जवळच्या दवाखान्यात सलाइन लावत न बसता सीटी असलेल्या रुग्णालयाकडंच थेट निघावं. एकाच जिल्ह्यात एकाला हवा तो स्कॅन मिळत नाही आणि दुसऱ्याला नको ते तीन होतात. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

लोकांची भीती मात्र भलतीकडंच असते. २०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एम्सचे तेव्हाचे संचालक रणदीप गुलेरिया म्हणाले की एक सीटी म्हणजे छातीचे तीनशे-चारशे एक्स-रे. रेडिओलॉजिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेनं तो आकडा जुना ठरवला, आधुनिक यंत्रांत किरणोत्सर्ग त्याहून पुष्कळ कमी असतो असं सांगितलं. या वादात मूळ मुद्दा, सौम्य आजारात स्कॅनची गरजच नाही हा, बुडाला. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये असा किरणोत्सर्ग नसतोच. सीटीत असतो, आणि मुलांच्या बाबतीत तो मोजून मापून वापरावा. युरोपात साडेनऊ लाखांच्या आसपास मुला-तरुणांवर झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की दहा हजार मुलांचा एकेक सीटी केला तर पुढच्या बारा वर्षांत त्यामुळं एक-दोघांना रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. डोक्यावर पडून बेशुद्ध झालेल्या मुलासाठी हा धोका नगण्य, आईच्या समाधानासाठी काढलेल्या स्कॅनसाठी मात्र उगाच घेतलेला. सीटी यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. तो विचारायला संकोच वाटू नये.

एमआरआयचा धोका निराळा आणि अगदी ढोबळ आहे. त्याचं चुंबक स्कॅन संपल्यावर बंद होत नाही, रात्रंदिवस चालू असतं. २०१८ च्या जानेवारीत मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाला चुंबकानं सिलिंडरसकट ओढून घेतलं आणि त्याचा जीव गेला. दारावर ‘अंगावर धातू आहे का, पेसमेकर आहे का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का’ असं विचारतात, तेव्हा वर्कशॉपात वेल्डिंग करणाऱ्यानं ‘नाही हो’ म्हणून मोकळं होऊ नये. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन असेल तर मूत्रपिंडाचा त्रास, मधुमेहाच्या गोळ्या आणि आधी आलेली अॅलर्जी हे न विचारताही सांगावं.

चित्राच्या आधारानं, चीर न देता उपचार करण्याची विद्या १९६४ ची. अमेरिकेत चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टनं पाय कापून घ्यायला ठाम नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या बाईच्या मांडीतली अरुंद धमनी नळीनं रुंद केली. ती बाई पुढं स्वतःच्या पायांवर चालली. आज यकृतातला पू काढणं, तुंबलेल्या पित्तनलिकेला वाट देणं, गाठीची सुईनं बायोप्सी, हे सगळं पडद्यावर पाहत केलं जातं. टाका पडत नाही म्हणून लोक याला ‘फक्त सुई’ म्हणतात, हीच त्यातली मेख. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, फुप्फुसाला छिद्र हे धोके सुईलाही असतात. अॅस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती सांगितलीच पाहिजे, आणि थांबवायची की नाही हे स्वतः ठरवू नये: स्टेंट असलेल्यानं ती परस्पर बंद केली तर स्टेंटच तुंबू शकतो. संमतिपत्र इंग्रजीत किंवा कन्नडात असेल आणि आपल्याला मराठीच कळत असेल, तर वाचून समजावून मागावं. तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचाराची संमती ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये दिला आहे. त्या प्रकरणात तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचं गर्भाशय तिला न विचारता, तिच्या आईची संमती घेऊन काढलं होतं. जिवावरची वेळ नसताना, शुद्धीवर आल्यावर तिला विचारता आलं असतं, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.