रस्सा-भाकरीचं अनुदान
लेखमाला : सरकारी पैसा आणि छोटा धंदा (भाग ६)

मागच्या भागात कर्जाचा अर्ज जिल्हा उद्योग केंद्रातून बँकेत कसा जातो ते पाहिलं. या वेळी खानावळी आणि ढाबे.

वडकी, करंजी, पांढरकवडा हा आपल्या यवतमाळ जिल्ह्यातला राष्ट्रीय महामार्ग ४४ चा पट्टा. इथे कुणाला ढाबा टाकायचा असेल तर पहिलं नाव निघतं पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं, म्हणजे ‘पीएमईजीपी’चं. २००८ साली सुरू झालेल्या या योजनेत बँक कर्ज देते आणि सरकार प्रकल्पखर्चाचा काही हिस्सा अनुदान म्हणून भरतं. मात्र योजनेला वर्ज्य धंद्यांची एक यादी जोडलेली आहे. दारू, विडी, तंबाखू यांच्या जोडीने त्या यादीत मांसाचे पदार्थ वाढणारा धंदाही होता. एकाच रस्त्यावर, सारख्याच भांडवलात, वरण-भाताची खानावळ पात्र आणि रस्सा-भाकरीची अपात्र!

ही अट २०१८ मध्ये निघाली. मधली दहा वर्षं गेली ती गेलीच. नियमात कुठल्या जातीचं किंवा धर्माचं नाव नव्हतं. पण मटणाचा रस्सा ज्यांच्या घरचा, हातचं कसबही त्यातलंच, त्यांच्यासाठीच दार बंद होतं. याला मी भेदभावच म्हणतो. दारूची अट समजू शकते. ताटात काय वाढायचं हे अनुदानाने का ठरवावं?

दुसरी अडचण आजही आहे. अनुदान नव्या धंद्यालाच मिळतं. पंधरा वर्षं कॉलेजच्या पोरांना डबे देणारी बाई घ्या. भट्टी जुन्या बाजारातली, मोठं पातेलं माहेरून आलेलं, हिशेब दोनशे पानी वहीत, महिनाअखेरचे आकडे लाल पेनाने. तिचा धंदा चालू आहे, म्हणून ती ‘नवउद्योजक’ नाही. वाढीसाठी दुसरं कर्ज आहे, पण ते आधी पीएमईजीपी किंवा मुद्रा योजनेचं कर्ज घेऊन नीट फेडलेल्यांना. तिने मोडून पुन्हा मांडायचं म्हटलं, तर पाच लाखांवरच्या सेवा प्रकल्पाला आठवी पास लागते.

करोनानंतरही तेच झालं. हॉटेल व्यवसायासाठी मार्च २०२१ मध्ये केंद्राने सरकारी हमीचं कर्ज जाहीर केलं, ते २९ फेब्रुवारी २०२० ला बाकी असलेल्या कर्जाच्या ४० टक्क्यांपर्यंत. ज्याने कधी कर्जच काढलं नाही त्याचे चाळीस टक्के म्हणजे शून्य. किराणा दुकानाची उधारी बँकेच्या लेखी कर्ज नसते.

आता जिल्ह्याची हद्द. शेजारचा वाशीम केंद्राच्या यादीत ‘आकांक्षित’, म्हणजे विकासात मागे पडलेला जिल्हा आहे, यवतमाळ नाही. २०२२ पासून पीएमईजीपीत आकांक्षित जिल्ह्यातल्या अर्जदाराला अनुदानाचा विशेष प्रवर्गाचा, म्हणजे चढा दर लागतो. शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या जिल्ह्याचं नाव देशभर गेलं, त्याला मात्र नेहमीचाच. खुल्या प्रवर्गातल्या पुरुषाने ग्रामीण भागात दहा लाखांची खानावळ टाकायची ठरवली, तर वाशीमच्या मानोरा तालुक्यात अनुदान ३५ टक्के आणि स्वतःचे पन्नास हजार. यवतमाळच्या दिग्रस तालुक्यात अनुदान २५ टक्के आणि स्वतःचा एक लाख. तालुके शेजारचे, गिऱ्हाईक तेच, आणि अनुदानात फरक एक लाख रुपयांचा.