संत्रं गोल नसतं

कागद-पेन्सिल घ्या आणि एक संत्रं काढा. समोर ठेवून नाही, आठवून. पांढुर्णा-सौंसरकडच्या माणसाला हे सांगणं म्हणजे गवंड्याला वीट काढून दाखव म्हणण्यासारखं. आंबिया बहार असो की मृग, वाडीत, मंडीत, ट्रकमध्ये रचलेल्या क्रेटमध्ये संत्री त्यानं जन्मभर पाहिलेली असतात. तरी त्याच्या कागदावर काय उतरतं? एक गोल, वर छोटी दांडी, बाजूला एक पान.

आता खरं संत्रं समोर ठेवा आणि दोन मिनिटं नुसतं बघा. ते वरून-खालून चपटं असतं, उंचीपेक्षा रुंदी जास्त. देठापाशी साल थोडी वर उचललेली असते आणि तिथून बारीक घड्या निघून खांद्यावरून खाली विरत जातात. साल सैल असते, म्हणून एका अंगाला दबलेली दिसते. अंगभर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतात. उजेडाच्या बाजूला ते जवळजवळ दिसत नाहीत, पण उजेड आणि सावली जिथं भेटतात तिथं एकेक मोजता येतो. हजारो संत्री हातानं तोडलेल्या माणसाच्या कागदावर यातलं काहीच आलेलं नसतं.

यात हाताची चूक नाही. हाताला गोल काढायचा होता, त्यानं गोल काढला. गोष्ट त्याच्या आधीच बिघडली होती. आपण काढलं ते ‘संत्रं’ या शब्दाचं चित्र होतं.

मोठ्या वयात चित्र काढायला शिकण्यातली सगळी अडचण आणि सगळी गंमत या एका गोष्टीत आहे. ती एकदा उलगडली की एरवी न पटणारी एक गोष्ट पटायला लागते: पन्नाशीचा माणूस, ज्यानं चौथी-पाचवीनंतर चित्राच्या नावानं पेन्सिल उचललेली नाही, तो पाच दिवसांत स्वतःचा ओळखू येणारा चेहरा काढू शकतो. अमेरिकेतल्या कलाशिक्षिका बेटी एडवर्ड्स यांनी हे वर्षानुवर्षं करून दाखवलं. १९७९ साली त्यांचं यावरचं पुस्तक आलं आणि त्यांच्या पाच दिवसांच्या सलग अभ्यासवर्गाची पद्धत जगभर पसरली. या वर्गात पहिल्या दिवशी आरशात बघून स्वतःचं चित्र काढायचं, पाचव्या दिवशी पुन्हा काढायचं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तर एकाच माणसाची वाटत नाहीत. पहिल्यात बदामी डोळे, इंग्रजी एलसारखं नाक आणि एका रेघेचं तोंड असतं. दुसऱ्यात माणूस असतो.

पाच दिवसांत हात इतका कसा सुधारेल? सुधारत नाही, तशी गरजही नसते. स्वतःची सही आठवा. किती वळणं, किती गाठी, आणि ती डोळे मिटूनही जमते. सही करणाऱ्या हाताकडे चित्राला लागणारं कसब आधीपासूनच असतं. १९९७ साली डेल कोहेन आणि सुझन बेनेट या दोन मानसशास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न घेतला: बहुतेकांना समोरचं दिसतं तसं काढता का येत नाही? हाताचा दोष, रेघ कुठं मारायची या निर्णयाचा दोष, काढलेलं तपासण्याचा दोष असं एकेक कारण त्यांनी वेगळं करून पाहिलं. मुख्य कारण ठरलं ते पाहण्यातली चूक. समोरची वस्तूच आपण चुकीची पाहतो.

खरं तर मेंदू इथं त्याचं रोजचं काम चोख करत असतो. पांढुर्णा स्टेशनच्या फलाटावर उभं राहा. रूळ इटारसीकडे निघतात आणि दूर जाऊन एका बिंदूत मिळाल्यासारखे दिसतात. पण दोन रुळांमधलं अंतर सगळीकडे १६७६ मिलीमीटर आहे हे मेंदूला ठाऊक असतं, म्हणून तो दिसणारं निमुळतेपण मनावर घेत नाही. फलाटाच्या टोकाला उभा असलेला माणूस डोळ्यातल्या पडद्यावर अंगठ्याएवढाही नसतो, तरी तो आपल्याला बुटका वाटत नाही. ही सोय नसती तर दूर गेलेली गाय प्रत्येक वेळी वासरू वाटली असती. जगायला ही सोय फार मोलाची आहे. चित्र काढताना तीच आड येते.

इथल्या माणसाला मी हे एका वेगळ्या वाटेनं सांगेन. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हा मराठी पट्टा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा जिल्हा झाला, त्यात सौंसर आलं. घरात मराठी, कचेरीत हिंदी. ओट्यावर आईशी एक वाक्य मराठीत आणि दारात आलेल्या बाबूशी दुसरं हिंदीत, मध्ये श्वास घ्यायलाही थांबावं लागत नाही. पाहण्याच्याही अशाच दोन बोली आहेत. एक नावांची: संत्रं, नाक, खुर्ची, झाड. दुसरी आकारांची: ही कड इथं वळली, ही जागा त्या जागेपेक्षा अरुंद, हा काळोख त्या काळोखाहून फिका. दिवसभर आपण पहिलीच वापरतो. पाच दिवसांच्या वर्गात शिकायचं ते एवढंच: हवं तेव्हा दुसऱ्या बोलीत शिरायचं.

पहिला दिवस कडांचा. एडवर्ड्स यांचा प्रसिद्ध स्वाध्याय असा: पिकासोनं १९२० साली काढलेलं संगीतकार स्त्राविन्स्कीचं रेखाचित्र उलटं ठेवायचं आणि उलटंच उतरवायचं. डोकं खाली, बूट वर. बघताना हे बोट, हा चष्मा असं काही ओळखू येत नाही. उरतात त्या फक्त रेघा, त्यांची वळणं आणि मधली अंतरं. शेवटी कागद सुलटा केला की काढणाराच चपापतो. सुलटं बघून काढलेल्या चित्रापेक्षा हे उलटं बघून काढलेलंच पुष्कळदा बरोबर आलेलं असतं. मला या सगळ्या विषयातलं सर्वांत मोठं नवल हे वाटतं. ओळख पुसली आणि चित्र सुधारलं. त्याच दिवशी दुसरा स्वाध्याय: कागदाकडे अजिबात न बघता आपल्या तळहाताच्या सुरकुत्यांवरून नजर मुंगीसारखी सरकवायची आणि तिच्याबरोबर पेन्सिल सरकवायची. किमॉन निकोलाईडीस यांच्या १९४१ च्या पुस्तकामुळे हा स्वाध्याय चित्रशाळांमध्ये रुळला. कागदावर गुंता होतो, पण आपल्या हातावर इतक्या रेघा आहेत हे त्या दिवशी पहिल्यांदा कळतं.

दुसरा दिवस रिकाम्या जागांचा. फाल्गुनात पानं झडलेला पळस घ्या. गोटमारीच्या दिवशी जाम नदीच्या पात्रात झेंडा बांधून रोवतात, तेच हे झाड. इथं ते ओळखीचं करून द्यावं लागत नाही. फांद्या काढायला गेलं की हात ‘झाड’ काढायला लागतो: सरळ खोड, दोन बाजूंना सारख्या फांद्या. म्हणून फांद्या काढायच्याच नाहीत. दोन फांद्यांमध्ये अडकलेलं आभाळ काढायचं. एक तुकडा तिकोनी, एक चिंचेच्या बोटकासारखा, एक नुसती चीर. या तुकड्यांना नाव नसतं, त्यामुळे मेंदूकडे त्यांचं तयार चित्रही नसतं आणि बघितल्याशिवाय गत्यंतर राहत नाही. आभाळाचे तुकडे जुळवत गेलं की मध्ये पळस आपोआप उभा राहतो, त्याच्या सगळ्या वेड्यावाकड्या वळणांसकट.

तिसरा दिवस मापांचा. हात लांब करून, एक डोळा मिटून पेन्सिलीनं मापायचं, हे चित्रकाराचं जुनं हत्यार. डोळा मिटण्याचं कारण साधं आहे: दोन डोळ्यांमुळे खोली कळते, एकानं बघितलं की जग बरंच चपटं होतं, कागदासारखं. जर्मन चित्रकार ड्युररनं १५२५ च्या आपल्या पुस्तकात यासाठीची यंत्रंच काढून दाखवली होती. आपल्याला खिडकीची काच आणि मार्कर पुरे. डोकं न हलवता काचेपलीकडची गल्ली काचेवर गिरवा. शेजारच्या घराच्या भिंतीची वरची कड इतकी तिरपी उतरते की विश्वास बसत नाही. जामसावळीला झोपलेल्या मारुतीचं दर्शन सगळ्यांनी घेतलेलं असतं. आडवी मूर्ती आठवून काढायला सांगितली की प्रत्येक जण ती लांबच लांब काढतो. पण कोणत्याही आडव्या माणसाच्या पायांकडे उभं राहून एक डोळा मिटून मापा. तळवे मोठे, आणि पोटऱ्या, पोट, छाती सगळं वीतभर जागेत दाटलेलं. पेन्सिल खोटं सांगत नाही, ज्ञान मात्र ऐकत नाही.

चौथा दिवस उजेड-सावलीचा. इथं मेंदूची सोय आणखी खोल जाते. भर दुपारच्या उन्हात साधारण १ लाख लक्स उजेड असतो, घरात खिडकीपासून लांब दोन-तीनशे. म्हणजे अंगणातली काळी छत्री घरातल्या पांढऱ्या कागदापेक्षा कितीतरी जास्त उजेड डोळ्यात धाडते. तरी छत्री काळी आणि कागद पांढराच दिसतो, कारण मेंदू उजेडाचा हिशेब परस्पर वजा करून टाकतो. चित्रात तो हिशेब परत मांडावा लागतो. पांढऱ्या धोतराच्या घडीतली सावली ४बी पेन्सिलीनं खरोखर काळी करायला धीर लागतो. डोळे किलकिले करायचे. बारकावे पुसले जातात आणि अंधार-उजेडाचे मोठे ठोकळे तेवढे राहतात. सौंसरहून छिंदवाड्याकडे सिल्लेवानी घाटाच्या दिशेनं बघा. जवळची टेकडी हिरवी-तपकिरी, तिच्यामागची निळसर, तिच्याही मागची आभाळात मिसळलेली. मधली हवा निळा उजेड विखुरते आणि अंतर वाढेल तसा हा पडदा दाट होतो. दुरून डोंगर साजरे म्हणतात त्यात ही हवेची करामतही आहे.

पाचवा दिवस आरशाचा. सुरुवात करण्याआधी एक प्रयोग कराच. आरशासमोर उभे राहा, एक डोळा मिटा आणि ओल्या साबणानं आरशाच्या काचेवर आपल्या डोक्याची वरची कड आणि हनुवटी यांच्या खुणा करा. मग दोन खुणांमधलं अंतर मोजा. ते तुमच्या खऱ्या डोक्याच्या बरोबर निम्मं भरेल. मागं सरका, पुन्हा बघा: डोकं त्याच दोन खुणांमध्ये बसतं. आरशातली प्रतिमा आरशाच्या जितकी मागं असते तितकेच आपण त्याच्या पुढं असतो. काच नेहमी मधोमध, म्हणून माप नेहमी निम्मं. रोज सकाळी दात घासताना समोर असलेली ही गोष्ट कळायला आयुष्य जातं, कारण आरशात आपल्याला ‘आपण’ दिसतो, आणि आपण आपल्याएवढेच असणार असं धरलेलं असतं.

आता डोळे कुठं आहेत ते पेन्सिलीनं मापा. डोक्याचं टोक ते हनुवटी या अंतराच्या साधारण मध्यावर. जवळजवळ सगळे नवशिके ते खूप वर काढतात, कारण कपाळावर आणि केसांखालच्या डोक्यावर बघण्यासारखं काही नाही असं मन म्हणतं आणि ती जागाच कापून टाकतं. मध्यावर डोळे ठेवताक्षणी कागदावरच्या चेहऱ्याला कवटी मिळते.

डोळे किती वेळा वर उचलायचे, हेही शिकण्यासारखं आहे. कोहेन यांच्याच २००५ च्या अभ्यासात दिसलं की चांगलं काढणारे थोडं बघतात, पण वारंवार बघतात. नवशिका एकदा बघून बराच वेळ काढत बसतो आणि त्या वेळात स्मरणातलं जुनं ‘नाक’ हळूच हातात शिरतं.

हे सगळं पाच दिवस सलग का? आठवड्यातून एक तास का नाही? बोली बदलायला वेळ लागतो. बसल्यावर पहिला बराच वेळ मन बडबडत असतं: हे जमणार नाही, हे कान आहेत की भजी. मग कधीतरी ती बडबड थांबते आणि आपल्याकडे ज्याला फार नेमका शब्द आहे ती तंद्री लागते. चहा गार होतो, हाक ऐकू येत नाही. तासाभराच्या वर्गात तंद्री लागते तोवर वेळ संपतो. सलग दिवसांत आदल्या दिवशी कुठून आत शिरलो ती वाट पायाखाली राहते. एडवर्ड्स यांनी हा बदल उजव्या मेंदूच्या भाषेत सांगितला. रॉजर स्पेरी यांच्या ज्या संशोधनाचा त्यांना आधार होता त्याला १९८१ मध्ये नोबेल मिळालं. चित्र काढताना मेंदूचे दोन्ही भाग राबतात हे आता माहीत आहे, म्हणून डाव्या-उजव्याची ती विभागणी फार ताणू नये. त्यांचे स्वाध्याय मात्र आजही तितकेच काम करतात.

पाच दिवसांनी कोणी मोठा चित्रकार होत नाही. बाराखडी आली म्हणजे कविता येत नाही, पण बाराखडीशिवाय ती लिहिताही येत नाही. व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं १८८० मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी चित्रकार व्हायचं ठरवलं आणि शार्ल बार्ग यांच्या चित्रकला-पाठांच्या छापील पानांवरून पुन्हा पुन्हा नकला केल्या. रवींद्रनाथांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन पॅरिसमध्ये १९३० साली भरलं तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते.

आणि आपल्याच सातपुड्यातली एक गोष्ट. मंडला जिल्ह्यातल्या बाबरियात १९२२ साली जन्मलेला एक मुलगा शाळेत फार चुळबुळ्या होता. त्याच्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे बघत राहायला सांगितलं. तो मुलगा पुढं नागपूरच्या कलाशाळेत शिकला, तिथून मुंबईच्या जे. जे.त आणि मग फ्रान्सला गेला. सय्यद हैदर रझा. पन्नाशी उलटल्यावर त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी जो बिंदू येऊन बसला, त्याचं मूळ ते त्या भिंतीवरच्या ठिपक्यात सांगत. गुरुजींनी त्या दिवशी चित्रकला शिकवली नव्हती. बघत राहायला शिकवलं होतं.

सुरुवातीला काढलेल्या संत्र्याच्या कागदावर तारीख घाला आणि तो जपून ठेवा. पाच दिवसांनी मंडीतून आणलेलं एखादं संत्रं खिडकीत ठेवून पुन्हा काढा. पहिल्या कागदावरचं संत्रं कुठल्याही वाडीतलं, कुठल्याही बहाराचं असू शकतं. दुसऱ्यावरचं फक्त हे असेल: डाव्या अंगाला दबलेलं, देठापाशी तीन घड्या, खाली खिडकीच्या गजाची सावली. काढून झालं की सोलून खा. कागदावर ते राहिलेलं असेल.