बंगळूरच्या क्लबनं मुंबईचा कप जिंकला तेव्हा

बंगळूरात फुटबॉलचा विषय निघाला की लोक लगेच बंगळूरू एफसीचं नाव घेतात. हा क्लब 2013 सालचा. मी इथे राहायला आलो तेव्हा मलाही तेवढंच माहीत होतं. आज सांगणार आहे ती गोष्ट त्याच्या 76 वर्षं आधीची.

मुळात इथे फुटबॉल आला कसा? 1809 मध्ये इंग्रजांनी बंगळूरात लष्करी छावणी वसवली. पुढे गोऱ्या पलटणींबरोबर फुटबॉल आला, आणि आसपासच्या वस्त्यांमधली पोरंही खेळू लागली. त्यातून हौशी क्लब उभे राहिले. हौशी म्हणजे खेळण्याचा पगार नाही. पोटापाण्याचं काम वेगळं. अशा क्लबांपैकी एक होता ‘बंगळूर मुस्लिम्स’.

आता मुंबईकडे वळू. तिथली रोव्हर्स कप स्पर्धा 1891 मध्ये सुरू झाली आणि कित्येक वर्षं कप ब्रिटिश पलटणींकडेच जात राहिला. कोलकात्याच्या मोहन बागाननं 1911 मध्ये आयएफए शील्ड जिंकून गोऱ्यांना हरवता येतं हे दाखवलं होतं. पण 1923 मध्ये रोव्हर्सच्या अंतिम सामन्यात त्यांनाही डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून हार पत्करावी लागली.

अखेर 1937 मध्ये बंगळूर मुस्लिम्सनं हा कप जिंकला. रोव्हर्स जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब. अंतिम सामन्यात समोर होता मोहमेडन स्पोर्टिंग, जो 1934 पासून कोलकाता लीग सलग जिंकत होता! हा नशिबाचा खेळ म्हणावा, तर 1938 मध्येही कप बंगळूरलाच आला.

मग हे नाव आपल्याला का माहीत नाही? मला वाटतं, छोटा क्लब खेळाडू घडवतो, पण त्यांना धरून ठेवणं त्याला परवडत नाही. बंगळूरचा अहमद खान 1948 आणि 1952 च्या ऑलिंपिकमध्ये खेळला. पण लोक त्याला ओळखतात ते कोलकात्याच्या ईस्ट बंगालचा म्हणून. खेळाडूबरोबर कीर्तीही मोठ्या क्लबकडे जाते.

याचा परिणाम राज्याच्या संघावरही झाला असावा. म्हैसूरनं 1946-47 पासून 1968-69 पर्यंत चार वेळा संतोष ट्रॉफी जिंकली. त्यानंतर कर्नाटकला ती मिळाली थेट 2022-23 मध्ये, रियाधला. मध्ये 54 वर्षं गेली.

रोव्हर्स कपही 2000-01 नंतर बंद पडला. स्पर्धाच नाही, तर जुन्या विजेत्यांची आठवण कोण काढणार?

म्हणून एक विनंती. तुमच्या गावच्या तालमीत किंवा क्रीडा मंडळात भिंतीवर एखादा जुना फोटो असेल. त्यातल्या माणसांना ओळखणारं कुणी आहे तोवर, मागच्या बाजूला नावं आणि साल लिहून ठेवा. पुढे कुणाला क्लबचा इतिहास लिहायचा झाला, तर सुरुवात तिथूनच होईल.